बाळंतपणाला कोण कुठं जातं

आमच्या डिंगोऱ्याच्या विहिरीत अंडं सापडलं, तेव्हा घरात घट बसले होते आणि मला सातवा महिना लागला होता. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, सकाळी घटाला पाणी आणायला विहिरीवर गेल्या आणि रिकामी कळशी घेऊन तशाच परत आल्या. अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "आपल्या हिरीत कुणीतरी अंडं टाकलंय."

आमच्याकडे या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लिंबू, सुया, काळी बाहुली आणि अंडं, हा सगळा करणीचा सरंजाम. करणी कुणी केली हेही आत्यांना शोधावं लागलं नाही. बांधापलीकडे त्यांची चुलत जाऊ राहते. बांधावरच्या एका आंब्यावरून दोघी कित्येक वर्षं एकमेकींशी फक्त तिसऱ्या माणसामार्फत बोलत होत्या. सुनेला दिवस गेलेत, ऐन नवरात्र आहे आणि विहिरीत अंडं आहे! आत्यांनी पदर खोचला.

मी जुन्नरच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. सासरी या गोष्टीचा उपयोग आजवर साप निघाला की तो विषारी आहे का हे विचारण्यापुरताच होता, आणि तेही माझं उत्तर यायच्या आत साप मारला जायचा. पण त्या दिवशी मी आत्यांना म्हटलं, "भांडायला जायच्या आधी मला अंडं तरी बघू द्या." त्या थांबल्या. गरोदर बाईचं मन मोडायचं नसतं, हा नियम त्या महिन्यांत मी भरपूर वापरून घेतला.

बादलीने काढलेलं अंडं मी हातात घेतलं. पांढरं, लिंबापेक्षा लहान आणि सगळ्या बाजूंनी गोल. कोंबडीचं अंडं एका टोकाला निमुळतं असतं, हे तर चेंडूसारखं होतं. आतून नासलं होतं, म्हणूनच तळातून वर आलं होतं. मला हसू फुटलं आणि पोटामुळे नीट हसताही येईना.

"आत्या, करणी नाहीये ही. महाराज बाळंत झालेत."

महाराज म्हणजे विहिरीतलं कासव. विहिरीला पाणी लागलं त्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, ते ओढ्यातून आणून सोडलं होतं. कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं आणि आटत नाही, असं आमच्या भागात मानतात. मऊ पाठीचं, शेवाळी रंगाचं, नाकाचं बोंडूक वर काढून श्वास घेणारं ते कासव मामांना रोज सकाळी दिसलं नाही तर त्यांना चहा गोड लागायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं की असं कासव विहिरीत ठेवणं कायद्यात बसत नाही. मामा शांतपणे म्हणाले होते, "आमी कुठं ठिवलंय? ते ऱ्हातंय." पुढे यावर वाद घालायची सोयच नव्हती.

इतकी वर्षं ज्याला महाराज म्हणून हाक मारली ते बाईमाणूस निघालं, या धक्क्यातून मामा जरा वेळाने सावरले. मग त्यांनी शंका काढली. "पण पाण्यातलं जनावर हाय. पाण्यात अंडी घातली तर इघडलं काय?"

हा प्रश्न दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारावा म्हणून मी वाट बघते आणि कुणी विचारत नाही. वर्गात मुलं मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन असं पाठ करतात आणि पेपरात तेच उतरवतात. इथे मात्र विहिरीच्या कठड्याला टेकून, तोंडात तंबाखूचा बार धरून, एक माणूस खरोखर उत्तराची वाट बघत उभा होता. मग मी लागले सांगायला.

पाठीचा कणा असलेली सगळी जनावरं आधी पाण्यातच होती. त्यातली काही फार फार पूर्वी, माशासारख्या पोहायच्या परांचे पाय करत, जमिनीवर आली. बेडूक त्यांच्यातलाच. तो जमिनीवर राहायला शिकला, पण त्याच्या अंड्याला कवच नाही, उघड्यावर ते सुकून जातं. म्हणून बेडकी वर्षभर कुठेही फिरली तरी अंडी घालायला पाण्यावरच येते. पुढे काही जनावरांनी कवचाचं अंडं केलं. कवचाच्या आत पिल्लापुरतं डबकं. आता पाण्याकडे धावायला नको, अंडं कुठेही मातीत ठेवा. पाली, साप, कोंबड्या, मगरी, सगळे त्याच जोरावर जमिनीवर पसरले. कासवही त्यांच्यातलंच. मग त्याचे पूर्वज परत पाण्यात उतरले. पायांची वल्ही झाली, पाणी मानवलं. अंडं मात्र तेच राहिलं, कोरड्या मातीतलं. त्याला कवचातून हवा घ्यावी लागते. पाण्यात ते गुदमरून मरतं.

मामा बार थुंकून म्हणाले, "म्हंजे नांदायला पाण्यात, पर बाळंतपणाला जमीन. मग जमीन तिचं म्हायेर की गं."

सगळं उभं आयुष्य मी हे शिकवण्यात घालवणार होते आणि मला हे सुचलं नव्हतं.

"आन् बेडकीचं म्हायेर पाणी," आत्या म्हणाल्या. करणी नाही म्हटल्यावर त्यांनी पदर सोडला होता आणि त्यांना आता विषयात गोडी वाटू लागली होती.

पण मामांचं लक्ष विहिरीकडे होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी विहीर बांधून घेतली होती. त्याआधी एका अंगाला दरड ढासळून उतार झाला होता, तिथून माणूससुद्धा चढउतार करायचं. आता चहूकडून काँक्रीटची सरळसोट भिंत होती, आणि त्या भिंतीच्या कडेकडेने कासव फिरत होतं. मध्येच थांबून भिंतीला नखं लावायचं, घसरायचं आणि पुन्हा पुढे जायचं.

"बांधायच्या आधी," मामा हळू आवाजात म्हणाले, "पाऊस उघडला का ही वर यायची. टमाट्यात सापडायची. मला वाटायचं पळून चाललीय. मी आपली उचलून परत हिरीत टाकायचो. किती येळा टाकली राव मी तिला."



आता इथे माझी गोष्ट सांगायला हवी. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माझं माहेर बोरी बुद्रुक, कुकडीच्या काठावर. पण माझ्या लग्नाच्या आधीच आई गेली. भाऊ चाकणला कंपनीत, वहिनी तिकडेच. घरात वडील एकटे. म्हणून आत्यांनी मायेने ठरवून टाकलं होतं की बाळंतपण डिंगोऱ्यात करायचं. "तिकडं कोण हाय तुझं? बाप्या मानूस काय बाळातीन सांभाळनार?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी मान डोलावली होती. पण मला जायचं होतं. फार जायचं होतं. आई नाही म्हणून माहेरही नाही, हे सगळे इतक्या सहज बोलायचे की मला कधी कधी आत्यांचा नाही, साऱ्या जगाचाच राग यायचा. दादा, म्हणजे माझे वडील, फोनवर एवढंच म्हणायचे, "जिथं सोयीचं तिथं कर बाळा." आणि मग फोन ठेवायला उशीर लावायचे.

हे एक अंडं पाण्यात गेलं तरी बाकीची अजून तिच्या पोटात असणार, असं मी सांगितलं आणि कासवाला विहिरीतून बाहेर काढायचं, इथवर घरात एकमत झालं. पण बाहेर म्हणजे कुठे? विहिरीभोवती सगळी चालती शेती. कासवाच्या अंड्यांतून पिल्लं यायला जवळजवळ पुढचा पावसाळा उजाडतो. तोवर तिथे ट्रॅक्टरचा रोटर फिरणार, कांदा लागणार, कुत्री उकरणार. कुणी नांगरत नाही असा नदीकाठ पाहिजे होता. दादांच्या रानाच्या खाली कुकडीला लागून तसा पडीक तुकडा आहे. लहानपणी आम्ही तिथली पांढरी राख आणून भांडी घासायचो. ती राख कुठल्या तरी परमुलखातल्या ज्वालामुखीची, माणूस दगडाची हत्यारं करत होता तेव्हाची, हे मला फार उशिरा कळलं. आईला ती फक्त पितळेला बरी वाटायची.

"बोरीला न्यावं लागेल," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग विहिरीकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, कारण ते लपवायचा त्यांचा स्वभावच नाही. कासव गेलं तर पाणी जाईल, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. ज्या विहिरीवर सगळं घर उभं राहिलं तिचं दैव ते एका बांबूच्या पाटीत घालून दुसऱ्या गावाला धाडायला निघाले होते.

"आपन जनावराला म्हायेरी धाडायला निगालो," ते आत्यांना म्हणाले, "आन् पोरीला हितंच ठिवून घेतो व्हय? तिचा बाप हाय ना तिकडं. शेजारी चुलती हाय, नारायणगावला दवाखाना हाय. दोघींना बी धाडू."

मला रडू आलं. आत्यांनी लगेच मान्य केलं नाही. दिवसभर भांडी जरा जोरात आपटली. संध्याकाळी माझ्याबरोबर द्यायच्या लाडवांसाठी डिंक आणायला सांगितला, तेव्हा मला कळलं की झालं.

कासव पकडायला आमिष हवं होतं. त्याला सुक्या मासळीचा वास आवडतो, पण नवरात्रात घरात सुकट कुठून असणार? मी जुन्नरला फोन केला. माझ्याबरोबर इतिहास शिकवणारी माझी मैत्रीण, तिच्या भावाचं आठवडे बाजारात सुक्या मासळीचं दुकान असतं. रविवारी ती स्कूटीवर बोंबलाचा डबा घेऊन हजर झाली. नऊ दिवस उपास धरलेल्या आत्यांनी नाकाला पदर लावून तिचं स्वागत केलं. "या या, बसा, च्या घ्या, पन तो डबा तेवढा हिरीच्या पल्याड ठिवा." मैत्रीण हसत म्हणाली, "मावशी, इतिहासात सुद्धा मी असा तह पाहिला नाही." पुढे तासभर ती कठड्यावर बसून दोरी धरून होती. पाटीत बोंबील, पाटी पाण्याखाली, आणि घरची सगळी माणसं श्वास रोखून. कासव आलं, पाटीत शिरलं आणि माझ्या नवऱ्याने तिच्या हातातली दोरी ओढली.

गलका ऐकून बांधापलीकडच्या चुलत सासूही आल्या. आपल्यावर काय किटाळ येऊ घातलं होतं याची त्यांना कल्पनाच नव्हती. "गाभन हाय व्हय? आन् तशीच धाडता?" असं म्हणून त्या घरी गेल्या आणि खण-नारळ घेऊन आल्या. आत्या क्षणभर घुटमळल्या. मग दोघींनी मिळून पाटीतल्या कासवाला हळदकुंकू लावलं. कासवाने डोकं, पाय, सगळं आत ओढून घेतलं. "लाजतीय," चुलत सासू म्हणाल्या, आणि आत्या त्यांच्याकडे बघून हसल्या. पाठोपाठ माझीही ओटी भरली. आंब्याचा विषय कुणी काढला नाही.

ओतूर, आळेफाटा करत पिकअप बोरीला निघाली. पुढे मी, मागे ओल्या गोणपाटाखाली कासव आणि त्याला सावली धरून बसलेले मामा. आळेफाट्यावर चहाला थांबलो तर ओळखीच्या एका माणसाने विचारलं, "काय पावणं, काय घेऊन चाल्ला?" मामा म्हणाले, "लेकी म्हायेरी चाल्ल्यात." त्याने माझ्या पोटाकडे बघून मान हलवली आणि चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

दादांनी घर झाडून, अंगण सारवून घेतलं होतं. आईची बाज उन्हात टाकलेली होती. ते माझ्याकडे आणि मग पाटीकडे बघून म्हणाले, "दोघींची तयारी करायला पायजे व्हती का?" त्यांचे डोळे भरले होते आणि ते दाखवायचे नव्हते म्हणून त्यांनी लगेच पाटी उचलली.

नदीकाठी सोडल्याबरोबर कासव पाण्यात गेलं. मामांचा चेहरा पडला. मी म्हटलं, येईल. पण माझीही खात्री नव्हती. पुस्तकात वाचलेलं खरं व्हावं म्हणून मी इतकी काकुळतीला कधी आले नव्हते. मामा डिंगोऱ्याला परत गेले आणि रोज सकाळी फोन करू लागले. "मोकळी झाली का?" त्यांनी विचारलं की दादांना प्रश्न पडायचा, कोण?

दसरा उलटून गेल्यावर एक दिवस ऊन कलताना दादा धावत वर आले. मी सावकाश उतरून गेले. पडीक तुकड्यावर, मऊ मातीत, कासवीण मागच्या पायांनी खड्डा करत होती. एक पाय, मग दुसरा, आळीपाळीने, अजिबात न बघता. मग ती स्तब्ध झाली. आम्ही बाभळीच्या आडून बघत होतो. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, माझ्याच आलं. माझी आई असती तर ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली असती. तिच्या जागी दादा होते, आणि त्यांनी तो हात ठेवला. कासविणीने माती लोटली, अंगाने थोपटून दाबली आणि ती नदीत निघून गेली.

विहिरीत नर नव्हता, पण कासवीण नराचं बीज वर्षानुवर्षं अंगात जपते, हे मी दादांना सांगितलं आणि त्यांनी त्या जागेभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं. मुंगूस आणि कुत्र्यांच्या भीतीने दिवसातून कितीदा तरी तिथे चक्कर मारायचे. माझी मुलगी झाली तेव्हा नारायणगावच्या दवाखान्यातून ते आधी घरी आले, कुंपण बघितलं आणि मग पेढे घेऊन पुन्हा दवाखान्यात आले. चुलतीने मला शेक दिला, दादांनी अळिवाची खीर शिकून घेतली आणि ती आत्यांपेक्षा बरी केली. हे मी आत्यांना अजून सांगितलेलं नाही.

लेकीला घेऊन मी डिंगोऱ्याला परत आले. मामांनी नातीला दारात ओवाळून घेतलं, मांडीवर घेतलं आणि मग हळूच विचारलं, "ती?" मी म्हटलं, "ती नदीतच आहे, मामा. आता ती येणार नाही." त्यांनी मान हलवली. त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं. दरवर्षी जातं तेवढंच गेलं, पण त्या वर्षी ते सगळ्यांना दिसलं. गावातलं कुणी ना कुणी पारावर टोमणा मारायचं, "महाराज घालवलं, आता बसा." मामा मात्र सकाळी सवयीने विहिरीवर जाऊन उभे राहायचे, आणि मला त्यांच्याकडे बघवत नसे.

रजा संपून मी कॉलेजात रुजू झाले. पृष्ठवंशी प्राण्यांचा धडा आला तेव्हा मी फळ्यावर यादी लिहिलीच नाही. विचारलं, बाळंतपणाला कोण कुठं जातं? वर्ग जागा झाला. बेडूक माहेरी, पाण्यात. विरोळा, म्हणजे पाणसाप, पाण्यात नांदतो, अंडी काठावर. मगर तशीच. आणि दिसायला मगर घोरपडीची वाटली तरी भावकी तिची कोंबडीशी आहे, हे ऐकून मागच्या बाकावरची मुलं पहिल्यांदा पुढे सरकली. वटवाघूळ उडतं पण पिल्लाला पाजतं. देवमाशाने बाळंतपणही समुद्रातच सुरू केलं, त्याचं माहेर तुटलं. सापाला पाय नाहीत तरी तो चार पायांवाल्यांतच मोजायचा, सातबाऱ्यावर नाव आहे पण कसायला जमीन नाही तसा. मग एका मुलीने मला अडवलं. आहुपेच्या देवराईत सहलीला गेलो तेव्हा मी त्यांना एक टीचभर बेडूक दाखवला होता, जो अंडी झाडाझुडपातच घालतो आणि अंड्यातून थेट बेडूकच बाहेर येतो. "मॅडम, त्याचं काय?" मी उत्तर द्यायच्या आत तिची मैत्रीण म्हणाली, "तिला सासरीच मानवलं असंल." यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शिकवायचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पावसाळा लागून जमीन मऊ झाली आणि एका सकाळी दादांचा फोन आला. आवाज इतका मोठा होता की फोन कानाला लावायची गरज नव्हती. "सासऱ्यांना दे!" मी मामांना दिला. "व्याही," दादा म्हणाले, "नातवंडं आली तुमची! बंद्या रुपयाएवढाली! सगळी नदीकडं पळत्यात, मी कावळं हाकतोय!"

मामांनी फोन मला परत दिला आणि ते बाहेर गेले. मला वाटलं, एखादं पिल्लू विहिरीसाठी मागतील, आणि मी नाही म्हणायची तयारी करून ठेवली.

दुपारी घणाचे घाव ऐकू आले. बाहेर जाऊन बघते तर मामा आणि माझा नवरा काँक्रीटने बांधून घेतलेली विहीर एका अंगाने फोडत होते. आत्या कपाळाला हात लावून उभ्या होत्या. पुढचे काही दिवस बांधावरचे दगड आणून त्यांनी तिथे पाण्यापासून वरपर्यंत ऐसपैस उतार रचला. मी विचारलं, "मामा, कासव तर नाहीये आता."

"पावसात ओढ्यातनं एखादी आपसूक यील," ते म्हणाले. "आन् आली तर तिला जायची वाट पायजे. परत यायचं का न्हाई, ते तिचं ती बघंल."

अजून कुणी आलेलं नाही. बेडूक तेवढे त्या उतारावरून ये-जा करतात आणि पाणी दरवर्षीइतकंच खाली जातं. त्या दिवाळीला मी लेकीला घेऊन बोरीला गेले, तेव्हा पिशवी मामांनीच गाडीत आणून ठेवली. कधी येशील, असं त्यांनी विचारलं नाही.